दोनशे सातचं नवं कुलूप

हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोनशे सात नंबरच्या खोलीचं कुलूप पाहिलं आणि कुलूपवाल्यांचा चेहरा उतरला. मुलीची गादी त्यांच्या डोक्यावर होती, बायकोच्या हातात बादली होती आणि मुलगी दोन पलंगांपैकी खिडकीजवळचा घ्यावा की भिंतीजवळचा या विचारात होती. कुलूपवाल्यांना यातलं काहीच दिसत नव्हतं. त्यांनी गादी खाली टाकली, वाकून किल्लीच्या भोकाला डोळा लावला, आणि डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात तशा आवाजात म्हणाले, "हे कुलूप नाही. ही नुसती समजूत आहे."

"बाबा, तुम्ही शब्द दिलाय," मुलगी म्हणाली.

शब्द दिला होता, हे खरंच. आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. मुलीने साफ सांगितलं होतं, की कॉलेजात माझे बाबा म्हणून यायचं, दुकान बरोबर घेऊन यायचं नाही. कमरेला हत्यारांची पिशवी नको, लोकांच्या दारांकडे बघून चुकचुकणं नको, आणि कुणाच्या हातात कार्ड तर मुळीच ठेवायचं नाही. कुलूपवाल्यांनी मान खाली घालून सगळं कबूल केलं आणि इस्त्रीचा शर्ट घातला. पिशवी मात्र गादीच्या वळकटीत गुंडाळून आणली. तिच्यात त्यांनी स्वतः बनवलेलं, दार ओढलं की आपोआप लागणारं एक लॅचचं कुलूप होतं.

तीस वर्षांचं दुकान आणि एकुलती एक मुलगी. आजवर ती एकदाही घराबाहेर झोपली नव्हती. आता ती आणि हे सगळं अफाट जग यांच्यामध्ये निदान कुलूप तरी आपल्या हातचं असावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ही इच्छा त्यांनी बायकोलाही बोलून दाखवली नव्हती.

एक वाजता रेक्टरबाईंनी जिन्यात उभं राहून सूचना दिली. नव्या मुलींनी मोठ्या सभागृहात जायचं, पालकांनी लहान सभागृहात. त्यानंतर मुलींनी मूळ कागदपत्रांची फाईल घेऊन चारच्या आत ऑफिसच्या खिडकीवर यायचं. चार म्हणजे चार. जी येणार नाही तिची जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला. हे त्यांनी दोनदा सांगितलं. दोनशे सातच्या दोघी मुलींनी आपापल्या फायली हरवायला नकोत म्हणून पलंगावर उशीखाली ठेवल्या आणि गेल्या.

"तुम्ही येताय ना?" बायकोने विचारलं.

"तू हो पुढे. गादी घालून आलोच."

गादी त्यांनी घातली, यात शंका नाही. नंतर जुनं कुलूप काढलं, नवं बसवलं, चारही स्क्रू एका रेषेत आणले. वीस मिनिटांचं काम. काम झालं की बाहेर यायचं, दार ओढून घ्यायचं, मग किल्ली लावून उघडून बघायचं, ही त्यांची तीस वर्षांची शिस्त. किल्ली नेहमी हत्यारांच्या पिशवीत, आणि पिशवी नेहमी कमरेला. ते बाहेर आले. दार ओढलं. लॅच असं काही मऊ वाजून बसलं की कुलूपवाले क्षणभर डोळे मिटून ऐकत राहिले. मग त्यांचा हात कमरेकडे गेला. तिथे इस्त्रीचा शर्ट होता.

किल्ली आत, हत्यारं आत, फोन आत. दोघींच्या फायलीही आत.

लहान सभागृहात एक समुपदेशक बाई बोलत होत्या, "मुलांना आता मोकळं सोडा. त्यांच्या प्रत्येक गोष्टीत हात घालायची सवय आजपासून बंद." बायको वहीत लिहून घेत होती. कुलूपवाले शेजारच्या खुर्चीवर टेकले.

"तुझ्या केसातल्या पिना दे," ते कुजबुजले.

पंचवीस वर्षांच्या संसारात कधी काय विचारायचं नाही हे बायकोला समजलेलं होतं. तिने तीन पिना काढून दिल्या आणि मग हळूच म्हणाली, "उघडेल ना?"

"कुलूप कुणाचं आहे त्यावर आहे."

"कुणाचं आहे?"

"माझं."

बायकोने वही मिटली.

ते पुन्हा वर आले, तेव्हा अडीच वाजले होते आणि दोनशे सातच्या दारापाशी एक गृहस्थ उभे होते. ते दुसऱ्या मुलीचे वडील, दातांचे डॉक्टर. मुलीची फाईल न्यायला आले होते आणि त्यांना मिळालेली किल्ली लागत नव्हती.

"सकाळी लागत होती हो," डॉक्टर म्हणाले.

"हो का?" कुलूपवाले म्हणाले. याहून जास्त बोललं तर शब्द मोडणार होता.

डॉक्टरांनी रेक्टरबाईंना बोलावलं. रेक्टरबाईंकडे सगळ्या खोल्यांना लागणारी किल्ली होती, ती या खोलीला लागेना. त्यांनी किल्ली उलटी घालून पाहिली, फुंकून पाहिली, शेवटी दारालाच दोन शब्द सुनावले. तोपर्यंत आजूबाजूच्या खोल्यांतले पालकही जमले होते आणि प्रत्येकाकडे एक सल्ला होता. कुणी म्हणे दार तोडा, कुणी म्हणे खिडकीतून जा. खिडकीला जाळी होती. दाराबद्दल कुलूपवाल्यांना माहीत होतं, की फळी तुटेल पण आतली पोलादी पट्टी हलणार नाही. ती त्यांनीच लावली होती. ते भिंतीशी उभे राहून छताकडे बघत राहिले.

"इथे कुलपावर काहीतरी चिकटवलंय," डॉक्टर वाकून म्हणाले. "अडचण आल्यास संपर्क करा. खाली नंबर आहे."

रेक्टरबाईंनी तत्परतेने नंबर फिरवला. खोलीत फोन वाजायला लागला.

"अहो, आत कुणीतरी आहे!" एक बाई किंचाळल्या.

"कुणी नाही," कुलूपवाले म्हणाले. "तो मीच आहे."

मग त्यांना सगळं सांगावं लागलं. रेक्टरबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि हाच शांतपणा फार वाईट होता. "म्हणजे कॉलेजच्या मालमत्तेचं कुलूप तुम्ही काढलंत, स्वतःचं बसवलंत आणि किल्ली आत ठेवलीत?"

"ठेवली नाही. राहिली."

"मग उघडा. तुमचंच आहे."

कुलूपवाले गुडघ्यांवर बसले. दोन पिना वाकवल्या आणि कामाला लागले. आणि इथेच खरी पंचाईत सुरू झाली, जी त्यांच्याशिवाय कुणालाच कळणार नव्हती. किल्लीवाचून हे कुलूप जगात कुणाला उघडता येणार नाही, असं ते तीस वर्षं गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगत आले होते. ते उघडलं तर आपलं बोलणं खोटं. नाही उघडलं तर मुलीची जागा गेली. एकीच्या जागी दोघींची. त्यांनी मनातल्या मनात कुलपाला शरण यायची विनंती केली. कुलपाने ती ऐकली नाही. तीन वाजले, सव्वातीन वाजले. बोटांना घाम येऊन पिना निसटायला लागल्या.

"दाढ असती तर मी केव्हाच काढली असती," डॉक्टर कळवळून म्हणाले.

"इतकं चांगलं बनवायला नको होतं मी," कुलूपवाले म्हणाले. "अहो, माझ्या मुलीने दोन वर्षं झोप मोडून अभ्यास केलाय. आणि मी तिला..."

साडेतीनला मोठं सभागृह सुटलं आणि मुलगी डॉक्टरांच्या मुलीबरोबर वर आली. गर्दी पाहिली, दार पाहिलं, गुडघ्यांवर बसलेले बाबा पाहिले. सगळं तिच्या ध्यानात आलं. ती ओरडेल असं कुलूपवाल्यांना वाटलं होतं, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, सरका."

"बाळा, हे आपल्या घरच्या दारासारखंच आहे. पिनेने नाही उघडत."

"माहितीये. सरका ना."

ती बसली, एक पिन तोंडात धरली, दुसरी सरळ केली. कान दाराला लावला. दोन मिनिटंही झाली नसतील. लॅच मघाच्याच मऊ आवाजात मागे सरलं आणि दार उघडलं. दोघी मुली उशीखालच्या फायली उचलून जिन्यावरून धावत सुटल्या.

कुलूपवाले जमिनीवर तसेच बसून राहिले. मग उठून त्यांनी नवं कुलूप काढलं आणि जुनं परत जागेवर लावलं. चारला पाच मिनिटं असताना मुलगी धापा टाकत परत आली, तोवर लहान सभागृह सुटून बायकोही वर आली होती. फाईलवर ऑफिसचा शिक्का होता.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

मुलीने आईकडे पाहिलं. आईने बादलीकडे पाहिलं.

"नववीपासून," मुलगी म्हणाली. "तुम्ही दोघं दुकानात असायचात. मला शाळेतून येऊन शेजारच्या काकूंकडे थांबावं लागायचं. काकूंकडे दिवसभर टीव्ही चालू. अभ्यास कसा होणार? म्हणून घर उघडायचे. तुम्ही यायच्या आधी पुन्हा बंद करून काकूंच्या पायरीवर येऊन बसायचे."

"आणि काकू?"

"त्यांनीच तर पिना दिल्या."

कुलूपवाल्यांनी बायकोकडे मान वळवली. "तुला माहीत होतं?"

"तुम्ही गिऱ्हाइकांना इतकं ठासून सांगायचात," बायको म्हणाली. "मला नाही सांगवलं."

म्हणजे जे मार्क या पोरीला इथवर घेऊन आले, ते सगळे त्यांचं कुलूप रोज फोडून मिळवलेले होते. कुलूपवाल्यांना वाईट वाटायला हवं होतं. प्रत्यक्षात त्यांचे डोळे भरून आले आणि छाती इतकी फुगली की शर्टाची इस्त्री मोडली.

रेक्टरबाई अजून तिथेच उभ्या होत्या. त्यांच्या हातात मुलींच्या येण्याजाण्याची वही होती आणि नजर त्या मुलीच्या केसातल्या पिनांवर होती. शेवटी त्या घसा खाकरून, अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "अहो, आमचं खालचं मोठं दार संध्याकाळी आठला बंद होतं. ते तुमचं कुलूप... त्याला बसवून द्याल का?"

"आत्ता बसवतो," कुलूपवाले म्हणाले. त्यांनी पिशवी कमरेला बांधली, मुलीकडे एकदा डोळे भरून पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला खरं काय ते सांगून टाकलं. "पण हिच्यापुढे त्याचा उपयोग नाही, बाई. हिला किल्लीच देऊन ठेवा."