टणकोजीच्या व्यायामवर्गाचं रोजचं उद्घाटन

एका जंगलात, आणि ते तुमच्या घरापासून फार लांब आहे असं समजू नका बरं मुलांनो, टणकोजी नावाचा वानर राहत होता. सिंहमहाराजांच्या पाठीवरच्या माश्या हाकलायची त्याची नोकरी होती. चांगली कायमची नोकरी! पण एके दिवशी त्याला वाटलं, आपण इतके चपळ, आपलं पोट इतकं सपाट, आणि आपण हे काय करत बसलोय?

त्याने नोकरी सोडली आणि वडाखालच्या माळावर पहाटेचा व्यायामवर्ग काढला.

"माळ घे," महाराज जांभई देत म्हणाले. "पण पळस फुलेपर्यंत तिथे गर्दी दिसली नाही, तर मुकाट्याने कामावर यायचं."

"परत गेलो तर नाव बदलेन!" टणकोजी घरी येऊन बायकोला म्हणाला.

"आधी कोणी येऊ तर द्या," शेवरी म्हणाली. "नाव काय, नंतरही बदलता येतं."

कोणी आलं नाही. टणकोजी माळावर एकटाच उड्या मारायचा आणि स्वतःलाच शाबास म्हणायचा.

मग तो दारोदार फिरला. रानडुक्कर म्हणाला, "सोमवारपासून नक्की." कोणत्या सोमवारपासून, ते त्याने सांगितलं नाही. हरणं म्हणाली, "आम्हाला वाघ पळवतो की रोज!" कासव म्हणालं, "मी काही न करता शंभरी गाठणार आहे. तू तुझं बघ." टणकोजीने वर्ग फुकट केला. तेव्हा तर सगळे माळाला वळसा घालून जायला लागले. फुकट म्हणजे काहीतरी गोम असणार! जंगल झालं म्हणून काय, लोक हुशार असतात.

पळसाला कळ्या धरल्या. कुठे माशी दिसली तरी टणकोजीला रडू फुटायचं.

"अगं, माझं चुकलं कुठे?"

"उद्घाटन कुठे केलंत तुम्ही?" शेवरी म्हणाली. "उद्घाटन न झालेल्या ठिकाणी कोणी कधी गेलंय का?"

टणकोजीने कपाळावर हात मारून घेतला. लगेच आमंत्रणं गेली. प्रमुख पाहुणे, रानडुक्कर. आणि काय सांगू, अख्खं जंगल लोटलं! नारळ वाढवला. (जंगलात नारळ कुठून आला, असं विचारू नका. गोष्टीत मिळतो.) पाहुण्यांना हार घातला. त्यांनी 'व्यायामाचे महत्त्व' या विषयावर उन्हं डोक्यावर येईपर्यंत भाषण ठोकलं. आभार झाले. टणकोजी म्हणाला, "आता जरा हात वर..." तोवर माळ रिकामा झाला होता.

दुसऱ्या दिवशी चिटपाखरू फिरकलं नाही. मग त्याने पुन्हा उद्घाटन ठेवलं. या वेळी पाहुणी जांबाक्का अस्वल. पुन्हा तुफान गर्दी! डुकराला हार मिळतो, मग आम्ही काय घोडं मारलंय, असं प्रत्येकाला वाटत होतं.

झालं, वर्गाचं रोजच उद्घाटन व्हायला लागलं. एक पाहुणा पुरेना, म्हणून स्वागताध्यक्ष आले, उपस्वागताध्यक्ष आले, माजी पाहुणे आले. एकाचं नाव पुकारलं की सगळ्यांनी उठायचं, हात उंच करून टाळ्या वाजवायच्या, मग बसायचं. की पुढचं नाव. पुन्हा उठा, पुन्हा बसा. आभारापर्यंत सगळे घामाघूम.

"कार्यक्रम म्हटला की दगदग आलीच," जांबाक्का घाम पुसत म्हणायची.

टणकोजी मात्र दगडावर बसून नावं पुकारायचा. आणि उरलेलं खोबरं? ते काय टाकून द्यायचं? अन्न हे पूर्णब्रह्म! तो बिचारा एकट्याने संपवायचा.

एकदा जांबाक्का म्हणालीही, "मास्तर, ते हातपाय हलवायचं कधी घेणार? मला खरंच शिकायचंय हो."

"घेऊ, घेऊ," टणकोजी खोबरं चावत म्हणाला. "आधी सत्कार उरकू देत."

पळस फुलला. महाराज आले. माळ तुडुंब भरला होता. टणकोजीचा ऊर भरून आला. सुटलो एकदाचे माश्यांतून!

"वा!" महाराज म्हणाले. "माळ या वर्गाला कायमचा दिला. आता एक व्यायाम दाखव बघू. वाकून पायाला हात लाव."

टणकोजी वाकला. म्हणजे वाकायला निघाला. वाटेत पोट आलं. त्याने जोर लावला, आणि गडी दगडावरून गडगडत खाली!

लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. जांबाक्का वाकली. तिचे पंजे अलगद पायाला टेकले. तिला स्वतःलाच नवल वाटलं. मग सगळेच वाकले. सगळ्यांची पोटं आत गेलेली! जाणार नाहीत तर काय? इतके दिवस त्या बिचाऱ्यांनी नकळत उठाबशाच काढल्या होत्या.

टणकोजी रडवेला झाला. "महाराज, मी आपला माश्यांकडेच येतो परत."

"तू?" महाराज म्हणाले. "अरे, ते चपळाचं काम आहे. उद्यापासून जांबाक्का वर्ग घेईल. आणि तू वर्गाला यायचंस."

दुसऱ्या दिवशी पहाटे माळावर जांबाक्का होती आणि समोर एकटा टणकोजी. वर्गाला अखेर पहिला खरा विद्यार्थी मिळाला होता. जांबाक्काने हात वर करायला सांगितले. त्याने केले. मग इकडेतिकडे बघत हळूच विचारलं,

"बाई, माझा हार?"

तात्पर्य: तब्येत सुधारायची असेल, तर व्यायामवर्गाला जाऊ नये, रोज दुसऱ्याच्या सत्काराला जावं. आणि व्यायामवर्ग काढणाऱ्याला खोबरं खायचंच असेल, तर त्याने ते निदान उभ्याने खावं.