थूल सरांचा हाय टाइम

आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी धुवायची वेळ झाली की नाही, हे टाकीत डोकावून ठरत नाही. ते शेजारचे थूल सर ठरवतात, आणि तेही इंग्रजीत.

पहिल्यांदा ते फाटकाशी उभे राहून सौम्यपणे म्हणाले, "इट इज टाइम टु क्लीन द टँक." मी मान हलवली. पंधरा दिवसांनी म्हणाले, "इट इज अबाउट टाइम, साहेब." मी हसून वेळ मारून नेली. पुढच्या आठवड्यात सकाळी सातला सर स्वतःच खराटा घेऊन जिन्यात हजर! "आता हाय टाइम झाला. सरका बाजूले."

जिल्ह्यातल्या खेडोपाडीच्या शाळांतून आयुष्यभर इंग्रजी शिकवून सर निवृत्त झाले आणि पिपरी मेघेला आमच्या शेजारी राहायला आले. एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. लग्नाची पत्रिका आली की आधी तिच्यातल्या चुका दुरुस्त करायच्या, मग लग्नाला जायचं आणि दुरुस्त पत्रिका नवरीच्या बापाच्या हातात ठेवायची, हा त्यांचा आहेर.

"इंग्रज मोठा हुशार," ते मला समजावत. "वेळ झाली हे तो पह्यले प्रेमानं सांगते, मंग टोमणा मारते. अन् हाय टाइम म्हटलं का विषय संपला. त्याच्या मागून भूतकाळ येते, पाहा. 'इट्स हाय टाइम यू वेन्ट.' माणूस तं अजून जागचा हालला नाई, पण बोलाचं असं का जसा गेलाच. काऊन? मागं फिराची सोयच नाई ठेवली!"

याच नियमाने त्यांनी माझ्या बायकोला चष्मा लावायला लावला. गल्लीतल्या एका निवृत्त ड्रायव्हरचा तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडवायला तर त्याची पुडी आपल्या खिशात ठेवून हे दीड महिना रोज त्याच्या ओट्यावर बसले. खर्रा सुटला. ड्रायव्हर अजून त्यांच्याशी धड बोलत नाही.

रविवारी मात्र सर कधीच घरी नसत. सकाळी पिशवी घेऊन एसटी स्टँडकडे निघायचे ते संध्याकाळी परत. कुठे जाता विचारलं तर एकच उत्तर, "क्लास आहे."

एका रविवारी मी ऑफिसातल्या मित्राच्या वास्तूसाठी रोहण्याला गेलो होतो. रस्त्याकडेच्या एका शिवणकामाच्या दुकानात सहज लक्ष गेलं. चाळिशीची एक बाई मशीन चालवत होती आणि समोर स्टुलावर दहावीचं इंग्रजीचं पुस्तक घेऊन थूल सर बसले होते. मला पाहून ते चोरी पकडल्यासारखे उभे राहिले.

"ही रेखा. माही विद्यार्थिनी."

"बसा भाऊ," बाई म्हणाली. "सर मले सोडत नाई अन् मी मशीन सोडत नाई. असं चाललं आमचं."

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारीच बसलो. पुलगाव मागे पडल्यावर सर आपणहून बोलू लागले.

रेखा नववीत त्यांच्या वर्गात होती. एक दिवस त्यांनी हाय टाइमचं वाक्य करायला सांगितलं. रेखाचं चुकलं. दुसऱ्यांदाही चुकलं. तेव्हा सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "इट्स हाय टाइम यू वेन्ट होम, रेखा."

"पोरं हासली. मीबी हासलो. तिनं दप्तर भरलं अन् निंघून गेली." सर खिडकीबाहेर बघत होते. "मले वाटलं, उद्या येईन. मंग वाटलं, लगन जमलं असन. एक डाव तिच्या घरी जाऊन पाहाचं, तं तेबी केलं नाई मी."

निवृत्तीनंतर एका लग्नात रेखाचा भाऊ भेटला. त्याने सांगितलं, सरांनीच घरी जा म्हटलं, असं सांगून ती दोन दिवस रडली होती. बाप म्हणाला, बरं झालं, वावरात चाल.

भावाकडून पत्ता घेऊन सर त्याच आठवड्यात रोहण्याला पोचले. रेखाने मान वर न करता विचारलं, "काय शिवाचं हाय, सर?"

"माफी मागाची हाय."

"मंग मागा लवकर. गिऱ्हाईक उभं हाय."

सरांनी त्या गिऱ्हाइकासमोरच माफी मागितली.

"इंग्रजीत?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"नाई," सर म्हणाले. "तिच्यासमोर इंग्रजीत बोलाची हिंमत नाई झाली."

माफीनंतरच्या रविवारी ते बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म घेऊन गेले होते. रेखाने तो परत केला. त्याच्या पुढच्या रविवारीही. तिसऱ्या खेपेला तिने शिवत असलेला ब्लाऊज बाजूला ठेवला आणि विचारलं, "वयाचं काही नाई ना, सर?"

पुढे वर्षभर सरांचा एकही रविवार चुकला नाही. परीक्षेच्या दिवसांत तर ते रोजच केंद्राबाहेर झाडाखाली बसून असत.

निकाल लागला. रेखा इंग्रजीत पास झाली, चांगली पहिल्या वर्गाचे मार्क घेऊन. बाकी सगळे विषयही सुटले. गणित राहिलं. तिने फोनवर सरांना सांगितलं, "तुमचा विषय झाला, सर. आता उन्हातान्हाचे येऊ नका."

त्याच संध्याकाळी सर आमच्याकडे आले. हातात बीजगणिताचं पुस्तक आणि कोरी वही.

"साहेब, तुम्ही इंजिनेर. मी गणितात लटकत लटकत पास झालतो. रविवारच्या आत मले पह्यला धडा आला पाह्यजे. जुलैत तिची परीक्षा हाय."

मी एक उदाहरण समजावलं, दुसरं त्यांना सोडवायला दिलं. ओठ हलवत, खोडत, ते बराच वेळ झगडत राहिले. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. सरांनी पटकन तळहाताने वही झाकली. ती आत जाईपर्यंत हात तसाच होता.

मग त्यांनी वही हळूच माझ्याकडे सरकवली.

"चुकलं असन तं सांगा, साहेब. फक्त कोणासमोर हासू नका."