राऊतकाकांचा उणे एक

राऊतकाका वाण्याकडे एकेक जिन्नस कधी मागायचे नाहीत. "आधी सगळी यादी ऐक, मग हात हलव!" वाण्याने मध्येच "तांदूळ कुठला?" विचारलं की काका पुन्हा पहिल्यापासून सुरू! शेवटी वाण्याने हात जोडले.

काका वसईतल्या आमच्या कॉम्प्युटरच्या ऑफिसात कामाला; तिथेही तेच खूळ. वाचनालयासाठी प्रोग्राम लिहीत होतो. निवडलेल्या सभासदांची पुस्तकं शोधायला मी एकेक नंबर पाठवायचे. काका खवळले. "बाय, वीस जणांसाठी वीस वेळा दार ठोठावतेस? यादी एकदम दे!" मग जितके नंबर, तितकी प्रश्नचिन्हं क्वेरीत, म्हणजे कॉम्प्युटरला माहिती विचारायच्या ओळीत, मांडायची आणि त्या जागी नंबर भरायचे. काका बोटांवर मोजायचे.

आणि कुणीच निवडलं नाही तर? रिकामी यादी गेली की प्रोग्राम आडवा. म्हणून काका प्रत्येक यादीत पहिला नंबर पदरचा घालत: उणे एक. "असा सभासद जन्मात येणार नाय, म्हणून तर तो चालतो. यादी उपाशी पाठवायची नाय!"

साहेबांनी तो हसून काढायला लावला. प्रोग्राम दाखवायच्या दिवशी वाचनालयाच्या बाईंनी काहीच न निवडता बटण दाबलं. झालं, स्क्रीनभर चुका! संध्याकाळी साहेबांनीच उणे एक परत घालायला सांगितला. काका आठवडाभर मिशीत हसत होते.

एवढा हट्टी माणूस घरी मात्र एकटा. गिरीज गावातली वाडी बिल्डरला द्यायला नाही म्हणाले, म्हणून मुलगा संजय भांडून विरारला फ्लॅटमध्ये गेला. विरार ते काय लांब? पण पाच वर्षं फिरकला नव्हता. त्याचा विषय काढलेला काकांना खपत नसे.

एका रविवारी त्यांनी ऑफिसातल्या आम्हा चौघांना जेवायला बोलावलं. नावांची यादी शुक्रवारीच घेतली. ऐनवेळी तिघांनी फोन करून टांग मारली. मी एकटीच आचोळ्याहून पोचले.

ओटीवर केळीची तीन पानं मांडलेली.

"काका, आपण दोघंच. तिसरं कुणाचं?"

त्यांनी खिशातून यादी काढून दिली. तिघांची नावं खोडलेली, माझं तेवढं शाबूत. आणि सगळ्यात वर, काकांच्या अक्षरात: संजय.

"दर वेळी घालतो," काका म्हणाले. "यादी उपाशी नको."

मला त्या संजयचा असा राग आला! "पण उणे एक कधीच येत नाही ना, काका?"

"प्रोग्रामात नाय येत."

त्यांनी माझ्या पानावर भात वाढला, स्वतःच्या पानावर वाढला आणि उरलेल्या भाताच्या पातेल्यावर घट्ट झाकण ठेवलं.

"त्याला गार भात चालत नाय," म्हणाले.