स्टार्टर आपणच बदलू

गाडीची स्टार्टर मोटर आपण स्वतःच बदलायची, असं जावईबापूंनी सकाळी नऊ वाजता जाहीर केलं, तेव्हा घरात कोणी हसलं नाही. हसण्यासारखे दिवसच नव्हते. सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, दोन्ही किडन्यांनी हात टेकले होते. आठवड्यातून तीनदा त्यांना पहाटे गाडीत बसवायचं, तासाभरावरच्या हॉस्पिटलात न्यायचं, चार तास डायलिसिसच्या मशीनला जोडायचं आणि परत आणायचं, हे आठ महिने चाललं होतं. आणि त्या पहाटे चावी फिरवली तर गाडी ढिम्म. दिवे लागले, हॉर्न वाजला, पण इंजिन काही केल्या हूं की चूं करेना.

पाळी हुकली. हॉस्पिटलातल्या बाईंनी फोनवर दुसऱ्या दिवशी सकाळी सातची वेळ दिली, आणि तीही चुकवलीत तर मग पेशंटला थेट इमर्जन्सीत आणा, आणण्याजोगा राहिला तर, असं थंडपणे सांगून टाकलं. बायकोने, म्हणजे अण्णांच्या लेकीने, त्यांच्या सुजलेल्या पावलावर अंगठा दाबून पाहिला. खळगा पडला, तो बराच वेळ भरून आला नाही. मग ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायला लागली.

दुसरी गाडी करायची मग, असं तुम्ही म्हणाल. सुचलं होतं तेही. पण येताना अण्णांना उलट्या व्हायच्या, आणि परक्याच्या गाडीत मी घाण करणार नाही, हा त्यांचा हट्ट. अँब्युलन्सचं नाव काढलं तर म्हणाले, "त्या गाडीतून मी एकदाच जाणार आहे, आणि तेव्हा मला विचारायची गरज पडणार नाही." चाळीस वर्षं स्वतःचं गॅरेज चालवलेला माणूस, त्याला उचलून कोंबणार कोण? नेहमीचा मेकॅनिक परवा येतो म्हणाला. (मेकॅनिकचा परवा किती लांबचा असतो, हे ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना सांगायला नको.)

म्हणून जावईबापूंनी मोबाइलवर लागोपाठ तीन व्हिडिओ पाहिले. तिन्ही व्हिडिओंतल्या माणसांचे हात स्वच्छ होते, तिथेच खरं तर शंका यायला हवी होती. पण जावईबापू पडले सरकारी रेकॉर्ड विभागातले. बावीस वर्षांच्या नोकरीत ते एकच गोष्ट शिकले होते: फाइल सापडत नसेल तर नवी फाइल उघडायची. शेजारच्या रॅकवर हात घालून बघायची त्या खात्यात पद्धत नाही. तेव्हा स्टार्टर फिरत नाही, म्हणजे स्टार्टर नवा लावायचा. विषय संपला.

तरी रीत म्हणून त्यांनी अण्णांना विचारलं. लग्नाला तेरा वर्षं झाली होती, आणि तेवढ्या वर्षांत अण्णांनी त्यांना या गाडीचं बॉनेटसुद्धा उघडू दिलं नव्हतं. गाडी अण्णांची, लेकीला दिलेली; जावयाला फक्त चालवायची परवानगी. डॉक्टरांनी अण्णांना काठी उचलण्यापलीकडे काही करायला मनाई केली होती, म्हणून ते दारापुढच्या खुर्चीत शाल पांघरून बसले होते.

"अण्णा, मोटरच गेली असेल ना?"

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग नजर दुसरीकडे वळवून म्हणाले, "असेल."

झालं. एवढ्या अनुभवी माणसाचा दुजोरा मिळाल्यावर जावईबापू कोणाला ऐकतात! त्यांनी बॅटरीची वायर सोडवली, चाकांना विटा लावल्या, जॅक चढवला आणि जुना पायजमा घालून गाडीखाली शिरले. ऑफिसच्या शिस्तीप्रमाणे प्रत्येक सुट्या भागाला चिठ्ठी लावायची होती. 'नट क्र. १, जाड वायरीचा, सुस्थितीत.' 'बोल्ट क्र. २, खालचा, गंजका.' दहा मिनिटांत ग्रीसचे हात लागून सगळ्या चिठ्ठ्या काळ्या झाल्या. मग त्यांनी त्या काळ्या चिठ्ठ्यांवर खडूने लिहायला घेतलं.

मोटर धरून ठेवणारे बोल्ट दोन. खालचा अर्ध्या तासात निघाला. वरचा कुठे आहे हे शोधण्यातच तासभर गेला. तो बोटांना लागायचा पण दिसायचा नाही, आणि दिसायला लागला की हात पोचायचा नाही. पाना घसरायचा, बोटांची सालं निघायची, आणि दर वेळी पाना घसरला की वर खुर्चीतून अण्णांचं कण्हणं ऐकू यायचं. खोल, पोटातून आलेलं. जावईबापूंच्या काळजाचं पाणी व्हायचं. म्हाताऱ्याच्या अंगात पाणी चढतंय, आपल्याकडे वेळ नाही, या विचाराने ते आणखी घाई करायचे. घाईने पाना पुन्हा घसरायचा, आणि वरून पुन्हा कण्हणं.

दुपारी एकदाचा बोल्ट सुटला. मोटर हाताने धरून ठेवायची असते, हे व्हिडिओत सांगितलं होतं. पण ते तिसऱ्या व्हिडिओत, आणि तोवर जावईबापूंना डुलकी लागली होती. सहा-सात किलोचं ते धूड सरळ त्यांच्या छातीवर उतरलं. बायको धावत आली आणि वाकून म्हणाली, "अहो, श्वास घेताय ना? एका घरात दोन पेशंट मला झेपायचे नाहीत." त्यांनी होकारार्थी पाय हलवले.

स्कूटरवर मोटर पायांशी ठेवून ते स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदाराने ती बाकावर ठेवून दोन वायरी लावल्या. मोटर घर्रकन फिरली. त्याने पुन्हा लावल्या. ती पुन्हा फिरली.

"साहेब, ही तर चांगली आहे," दुकानदार म्हणाला.

"इथे असेल," जावईबापू म्हणाले. "गाडीत नाही."

 दुकानदाराने चांगली मोटर आत ठेवून घेतली, बदल्यात दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीतली दुरुस्त केलेली मोटर दिली, आणि वरचे पैसे मोजून घेतले. जावईबापू समाधानाने घरी आले. येताना त्यांनी शीळही घातली म्हणे.

काढताना जो त्रास झाला तोच बसवताना उलट्या क्रमाने झाला. त्याचं वर्णन करून तुमचा अंत बघत नाही. अण्णांचं कण्हणं मात्र वाढलं होतं. एकदा तर ते "अरे देवा" म्हणाले आणि त्यांनी डोळे झाकून घेतले. बायकोने त्यांची नाडी पाहिली. कलत्या उन्हात जावईबापू बाहेर निघाले, बॅटरी जोडली, सीटवर बसले आणि चावी फिरवली.

दिवे लागले. हॉर्न वाजला. इंजिन ढिम्म.

त्यांनी सात वेळा चावी फिरवली. आठव्यांदा फिरवायचं बळ राहिलं नाही. ते उतरले आणि गाडीला टेकून जमिनीवर बसले. बायको दाराच्या चौकटीत उभी होती. तिने पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली. आणि मग हा पंचेचाळीस वर्षांचा गृहस्थ, तोंडभर ग्रीस फासलेला, सासऱ्यासमोर ढसाढसा रडायला लागला.

"नाही जमलं अण्णा," ते म्हणाले. "माझे वडील गेले तेव्हा मी ऑफिसात फाइली लावत होतो. घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तुमच्या वेळी असं होऊ द्यायचं नाही, असं ठरवलं होतं मी. तुम्ही नका जाऊ. माझ्या हातून पुन्हा उशीर नको."

अण्णा काठी टेकत उठले. गाडीपर्यंतची दहा पावलं चालायला त्यांना दोन मिनिटं लागली. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, आतल्या काळ्या पेटीचं झाकण काढलं, आणि स्वेटरच्या खिशातून अंगठ्याएवढा एक चौकोनी डबा काढून रिकाम्या जागेत दाबून बसवला. चावीचा हुकूम मोटरपर्यंत पोचवणारा रिले तो. तो नसला तर जगातली कुठलीही मोटर फिरत नाही.

"लावा चावी," ते म्हणाले.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. जावईबापू स्टिअरिंग धरून नुसते बघत राहिले. कण्हणं कशाचं होतं ते आता त्यांच्या लक्षात येत होतं. चांगली मोटर अशी उपटून काढताना बघणं त्या माणसाला सुईपेक्षा जास्त टोचलं होतं.

"काल संध्याकाळी काढून ठेवला," अण्णा म्हणाले. "कंटाळलो होतो हो. हॉस्पिटलातल्या त्या खुर्चीचा, सुयांचा, तुमच्या दोघांच्या पहाटेच्या चेहऱ्यांचा. म्हटलं, गाडी बंद पडली की मीही बंद पडेन, कोणाच्या माथी दोष नको. लेकीला सांगितलं असतं तर तिने रडून घर डोक्यावर घेतलं असतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही लेखी मागितलं असतं."

जावईबापूंना संताप यायला हवा होता. आला नाही. त्यांनी खाली उतरून अण्णांचं मनगट घट्ट धरलं. सुयांनी टणक झालेलं, गाठी आलेलं मनगट.

"उद्या येणार ना, अण्णा?"

"येतो."

"परवाच्या पाळीलाही?"

"येतो म्हटलं ना."

आता खरं तर इथे गप्प बसायचं. पण जावईबापूंचा ऊर भरून आला होता, आणि भरलेल्या उराची नोंद घ्यायची त्यांना नोकरीतली सवय. त्यांनी डोळे पुसले (म्हणजे ग्रीस डोळ्यांत घातलं) आणि विचारलं, "मी दिवसभर एवढा झटलो, ते बघूनच मन बदललं ना तुमचं?"

अण्णांनी बॉनेटमध्ये एकदा वाकून पाहिलं. 

"तेच बघून बदललं," ते म्हणाले. "सकाळपर्यंत मी निवांत मरायला तयार होतो. पण माझ्यामागे ही गाडी तुमच्या हाती पडणार, हे दिवसभर डोळ्यांनी बघितल्यावर आता मरायची सोय राहिली नाही."