वाघानं नेलेला शिपाई

“चांद्याचा कोट मले तोंडपाठ आहे!” वामनरावांनी पोंभुर्ण्याच्या एसटी स्टँडवर सांगून टाकलं. “चारही दरवाजे डोळे बांधून दाखवतो!”

खरं म्हणजे कोट तोंडपाठ होता तो केसरबाईला, त्यांच्या बायकोला. धान निघालं की ती दरवर्षी आळीतल्या बायकांना चांदा, म्हणजे चंद्रपूर, दाखवायला न्यायची. कोटाचे दरवाजे, अंचलेश्वराचं देऊळ, आणि शेवटी राणी हिराईनं नवऱ्यासाठी बांधलेली समाधी. वामनराव डब्यांची पिशवी घेऊन मागून चालायचे. ती सगळं सांगायची, पण नवरे बायकोचं जेवढं ऐकतात तेवढंच त्यांनी ऐकलं होतं!

श्रावणात केसरबाई गेली. शेजारचा गुलाब म्हणाला, “राहू द्या वामनभाऊ. औंदा बायांले मी नेतो, माझ्या ट्रॅक्टरनं.”

हे वामनरावांना लागलं. एकदा गुलाबनं नेलं की दरवर्षी तोच नेणार, आणि केसरची सहल गुलाबची होणार. छे! म्हणून तर एवढी फुशारकी.

एसटीत गिरजाबाईनं टोला हाणलाच. “राणीनं नवऱ्यासाठी एवढी समाधी बांधली. तुम्ही केसरबाईसाठी काय बांधलं, भाऊ?”

“डबे,” वामनराव म्हणाले. बायका हसल्या.

चंद्रपुरात पहिला दरवाजा बरोबर सापडला, कारण एसटी त्यातूनच गेली. पुढं कोटाच्या कडेनं चालताना सुकरी एकदम थबकली. तिचं माहेर धानोऱ्याकडचं, ऐन जंगलातलं. समोर एक ढीग होता. वर पळसाच्या डहाळ्या, डहाळ्यांवर दगड. जंगलवाटेवर वाघानं माणूस मारला की तिथं असाच ढीग होतो; येणारा-जाणारा डहाळी टाकल्याशिवाय पुढं जात नाही.

“भाऊ, इथी कोणाले नेलं?”

वामनरावांना काय ठाऊक! पण ‘माहीत नाई’ म्हटलं असतं, तर गुलाबचा ट्रॅक्टर सुरू झालाच म्हणून समजा.

“राजाच्या शिपायाले,” ते ठणकावून म्हणाले. “रात्री पहाऱ्यावर होता बिचारा!”

झालं! सुकरीनं जवळच्या कडुनिंबाची डहाळी मोडून ढिगावर ठेवली. मग गिरजाबाईनं ठेवली. मग सगळ्यांनी. चणेवाल्यानं विचारलं, त्याला कळलं, त्यानंही ठेवली. दोन सायकलवाले उतरले. घटकाभरात ढीग कमरेइतका झाला आणि कडुनिंब लग्नातल्या मांडवाच्या बांबूसारखा दिसायला लागला.

“कोणी भुंडं केलं माझं झाड?” समोरच्या घरातून इंदुताई धावत आल्या.

“बाई, तुमच्या दारात वाघानं शिपाई नेला अन् तुमाले पत्ता नाई?” गिरजाबाईनं उलट विचारलं.

इंदुताई पांढऱ्या पडल्या. “अगंबाई! अन् मी इथी रोज खरकटं पाणी फेकत होती!” त्या आत पळाल्या आणि नारळ घेऊन आल्या.

आता वामनराव घाबरले. शेवटची एसटी पाचची, आणि समाधी तर अजून राहिली होती! “चला बाई, त्या शिपायाचं तसं काही नक्की नाई…”

“शिपाई नव्हता?” सुकरीचे डोळे विस्फारले. “मंग कोण, सरदार?”

सरदार! बातमी गर्दीत मागपर्यंत गेली. तेवढ्यात चहा पिऊन पोचू मिस्त्री परतला. कोटाच्या डागडुजीचं काम त्याच्याकडं होतं.

“अरे बापा! माझ्या चुन्यावर हे काय करून ठेवलं? ऊन लागू नये म्हणून मी पाला झाकला, तो उडू नये म्हणून दगड ठेवले…”

“जपून बोला, मिस्त्री! इथी माणूस गेला आहे!” गिरजाबाईनं दरडावलं.

“कोण गेला? सकाळी मीच कालवला त्याले!”

“सरदाराले कालवला म्हणते!” इंदुताई किंचाळल्या. मिस्त्रीनं चुना काढायला थापी उचलली तशा बायका आडव्या उभ्या राहिल्या. चुना घट्ट होत चालला होता, मिस्त्री पातळ. शेवटी त्यानंही कपाळाला हात लावला, आणि लोकांना वाटलं, नमस्कार केला.

धावतपळत पाचची एसटी गाठली. समाधी राहिली ती राहिलीच. वामनराव बोलणी खायच्या तयारीत बसले होते.

“भाऊ, लई चांगलं दाखवलं!” गिरजाबाई म्हणाली. “केसरबाईनं इतक्या वर्षांत हे काऊन नाई दाखवलं जी?”

तिचं नाव राखायला वामनराव आले होते आणि चुन्याच्या ढिगाखाली तेच दाबून चालले होते.

पुढच्या वर्षी बायका आधीच तयार होत्या. गुलाबसुद्धा ट्रॅक्टर ठेवून एसटीत बसला. कोटाजवळ त्या घट्ट झालेल्या चुन्याचा आता शेंदूर लावलेला ओटा होता.

“चपला काढा!” चणेवाला वामनरावांवर खेकसला. “वाघानं नेलेले सेनापती आहेत हे! तुमाले काय माहीत!”

वामनरावांनी मुकाट्यानं चपला काढल्या. गुलाबनं कडुनिंबाकडं हात नेला, तर आतून इंदुताईंचा आवाज आला, “डहाळी घरून आणायची!”

वामनरावांनी पिशवीतून डहाळी काढली. घरामागच्या सीताफळाची होती. ते झाड केसरनं लावलेलं. ती दगडाखाली दाबून ते हात जोडून उभे राहिले.

“सेनापतीसाठी का, भाऊ?” सुकरीनं हळूच विचारलं.

“हो,” वामनराव म्हणाले.

मग धावतपळत एसटी गाठावी लागली. राणीची समाधी याही वर्षी राहिली.