डावं मेलं, खात्री केली

जेवणाच्या टेबलापाशी दोन खुर्च्या खिडकीकडे तोंड करून मांडल्या होत्या. डावीकडच्या खुर्चीत सून, उजवीकडे सासूबाई. मध्ये तांदळाच्या डब्यात दोन लाकडी चमचे खोचलेले. डावा चमचा म्हणजे डावं इंजिन, उजवा म्हणजे उजवं.

"डावं गेलं!" सासूबाईंनी फर्मान काढलं.

"उजवा पाय दाबला. डावा मोकळा. म्हणजे डावं मेलं," सून घडाघडा म्हणाली. "खात्री केली. बंद!"

आणि तिच्या डाव्या हाताला असलेला, इतका वेळ गुरगुरणारा फ्रिज बंद पडला.

"योगायोग गं," सासूबाई म्हणाल्या. "चल, पुन्हा."

दोन इंजिनांचं विमान चालवायच्या परीक्षेत सून एकदा नापास झाली होती. हवेत परीक्षकांनी एक इंजिन बंद पडल्याचं सोंग केलं आणि हिने घाईघाईत चालू इंजिनाच्या दांड्यावर हात घातला. विमान सरळ ठेवताना जो पाय मोकळा राहतो, त्या बाजूच्या इंजिनावर संशय घ्यायचा. पण त्या इंजिनाचा दांडा आधी मागे ओढून बघायचा, काही फरक पडला नाही तरच ते मेलं असं समजायचं, ही खात्रीची पायरीच तिने गाळली. पुन्हा चुकली असती तर प्रशिक्षण शाळेने तिचं नाव काढून टाकलं असतं. म्हणून सासूबाईंनी कंबर कसली आणि रोज चार वाजता तालीम सुरू झाली. डावं इंजिन बंद पडणं जास्त वाईट असतं, असं सुनेच्या वहीत लिहिलं होतं, म्हणून त्या रोज डावंच बंद पाडत.

दुसऱ्या दिवशी सासरे डावीकडच्या आरामखुर्चीत मोठ्याने पेपर वाचत होते. "डावं मेलं," सून म्हणाली आणि ते वाक्याच्या मध्यावर थांबले. पेपर तोंडासमोर तसाच. पानही हलेना.

"बाबा?"

बऱ्याच वेळाने पेपरामागून खोल गेलेला आवाज आला, "...आणि मंत्र्यांनी आभार मानले."

तिसऱ्या दिवसापासून डाव्या भिंतीपलीकडच्या टेलरचं शिवणयंत्र थांबू लागलं. दिवसभर खडखडणारं ते यंत्र, नेमकं ती 'मेलं' म्हणाली की गप्प. नवरा डावीकडे झोपायचा, त्याला तिने त्याच रात्री उजवीकडे आणलं.

"आई, माझ्या वाणीतच काहीतरी आहे."

"मग 'दमलं' म्हण."

"परीक्षक ठरलेलेच शब्द ऐकतात हो!"

परीक्षेच्या दिवशी मागच्या वेळचेच परीक्षक तिच्या उजवीकडे बसले. पांढरे केस, बारीक अंगकाठी, खोकला. विमान ढगांच्या वर गेलं. परीक्षकांनी मांडीवरचा नकाशा दांड्यांवर धरला आणि त्याआडून काहीतरी केलं. विमानाचं नाक उजवीकडे वळलं.

डावा पाय दाबला. उजवा मोकळा. म्हणजे उजवं. उजवीकडे तर हा म्हातारा माणूस बसलेला! पण न बोलावं तर नापास.

"उजवं मेलं," ती कशीबशी पुटपुटली.

खोकला थांबला.

तिने उजवा दांडा मागे ओढला. काही फरक नाही. "खात्री केली. बंद," म्हणत तिने बंद करायच्या दांड्याला नुसता हात लावला आणि हळूच शेजारी पाहिलं. परीक्षकांचे डोळे मिटलेले, हनुवटी छातीवर. तिने घाबरत त्यांना कोपर मारलं. काही फरक नाही.

आता खाली उतरवायचं ते एकटीनेच. भीतीने तिचे हात इतके स्थिर झाले की तिलाच नवल वाटलं. एका इंजिनावर, एका न हलणाऱ्या माणसाला शेजारी घेऊन, तिने चाकं अलगद धावपट्टीला टेकवली.

"पास," परीक्षक डोळे उघडून म्हणाले. "कोपर का मारलंत?"

"ख... खात्री केली, सर."

"उत्तम. मागच्या वेळी तीच विसरला होतात. इंजिन गेलं की मी नुसतं सामान. एका इंजिनावर उतरणाऱ्याशी बोलू नये."

घरी तिने हे सांगितलं, तर सासूबाईंनी टेबलाखाली बोट दाखवलं. तिथे फ्रिजची वायर जोडलेला बटणाचा बोर्ड होता. "पायाच्या अंगठ्याने बंद करायचे मी. परीक्षक इंजिन न सांगता बंद पाडतात, असं तूच म्हणाली होतीस ना?"

"आणि बाबा?"

"त्यांना आधीच नुसतं डोळ्यांनी सांगून ठेवलं होतं. एकोणचाळीस वर्षांचा सराव आहे."

सून हसत सुटली. "मग आई, शिवणयंत्र?"

सासूबाईंचा चेहरा उतरला. "त्याला मी काही केलं नाही गं. मला वाटलं, ते खरंच तुझ्या..."

भिंतीपलीकडे यंत्र खडखडत होतं. सासूबाईंनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. सून दबक्या आवाजात म्हणाली, "डावं मेलं."

यंत्र थांबलं.

"आधी खात्री कर," सासूबाई कुजबुजल्या.

सुनेने बोटाने भिंतीवर टकटक केलं.

"वहिनी," भिंतीतून टेलरचा आवाज आला, "अजून अभ्यासच चाललाय? मला वाटलं, आज परीक्षा झाली. या पातळ भिंतीतून तुमचं 'मेलं' ऐकू आलं की मी मशीन थांबवतो, उगाच व्यत्यय नको. झालात का पास?"

"झाले," सून म्हणाली आणि तिला एकदम रडूच फुटलं.

"मग आता सलग शिवू ना?"