दहा पॉइंट नऊचे सुभेदार

माणसाची खरी ताकद त्याच्या मस्तकावर कोरलेली असते. आमचे शेजारी सुभेदार महिपतराव हे ठामपणे मानतात. मस्तक बोल्टचं असावं, एवढीच त्यांची अट आहे.

साताऱ्यात मी त्यांच्या शेजारी राहायला आलो, त्या दिवशी त्यांनी माझ्या टकलाकडे बराच वेळ निरखून पाहिलं आणि म्हणाले, "काय लिवलेलं दिसत न्हाई."

मी कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालो, असं सांगून पाहिलं. काही फरक पडला नाही. ज्या बोल्टच्या डोक्यावर ना आकडा ना रेघ, त्यावर फार तर पडद्याची दांडी टांगावी, असं त्यांनी मला समजावलं. मग माझ्या पडद्यांच्या दांड्या स्वतः येऊन बसवून दिल्या.

सुभेदारांची सगळी नोकरी लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेली. निवृत्त होताना त्यांनी लिलावातून एक म्हातारी जीप घेतली. ही जीप इंची आहे, म्हणजे तिचे नटबोल्ट इंचात मोजायचे. बाजारात मिळतात ते बहुतेक मिलिमीटरचे. यामुळे जगाचं काही अडलेलं नाही. सुभेदारांचं रोज अडतं.

माणसांचीही ते बोल्टच्या डोक्यावरच्या आकड्यांनी अशीच प्रतवारी लावतात; आकडा मोठा तितका माणूस पक्का. आमचे नगरसेवक म्हणजे "चार पॉइंट सहा. जरा आवळला की लांबतोय." दूधवाला आठ पॉइंट आठ. त्यांच्या दिवंगत पत्नी बारा पॉइंट नऊ, आणि हे सांगताना ते खुर्चीतून उठून उभे राहतात. मी अजून पडद्याच्या दांडीवरच आहे.

यंदा त्यांच्या मुलीला, रूपालीला, दिवस गेले. तिला आष्ट्यात दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा तिला आणायला बापानं जायला हवं. सुभेदारांनी जाहीर केलं, की लेक जीपमधून येईल. मागच्या सीटचे बोल्ट गंजले होते, ते तेवढे बदलायचे. इंची, आठ ग्रेडचे.

औद्योगिक वसाहतीजवळच्या दुकानात मला सोबत नेलं. दुकानदारानं मूठभर बोल्ट काउंटरवर ओतले.

"हे आठ पॉइंट आठ," सुभेदार म्हणाले. "मी आठ मागितला."

"आवं सुभेदार, आठापेक्षा जास्तच दिला की! वरचा पॉइंट आठ फुकट."

"जास्त? तुमचा मिलिमीटरचा आठ पॉइंट आठ म्हंजी आमचा इंची पाच!"

मी हळूच विचारलं, "मग आपला आठ म्हणजे त्यांचा किती?"

"दहा पॉइंट नऊ."

"आणि आपल्या आठावर आकडा असतो?"

"न्हाई. रेघा. सा रेघा."

"आठाला सहा?"

"पाचाला तीन, आठाला सा. रेघांत दोन मिळवायचं, की झाला आकडा."

"का पण?"

"इंग्रजी हाय ते," सुभेदार म्हणाले. इंग्रजांच्या काळाच्या इतिहासावर मी तीस वर्षं व्याख्यानं दिली होती, पण इतकं नेमकं स्पष्टीकरण माझ्या हाती कधी लागलं नव्हतं.

इंची आठ साताऱ्यात कुठेच मिळाला नाही. अखेर दहा पॉइंट नऊवर तडजोड झाली. मला वाटलं, संपलं. पण जीपच्या तळाला वेल्डिंग केलेले नट अर्ध्या इंचाचे होते आणि आणलेला बोल्ट बारा मिलिमीटरचा. मी घालून पाहिला. गेला की आत! जरा सैल वाटला एवढंच.

"बसतोय सर," जीपखालून आवाज आला, "पर धरत न्हाई. ताकद सारखी आसली तरी आटे निराळे हायेत. नटबी बदलाय पायजे."

मग जुने नट कापून काढणं आलं. तोवर माझ्या डोक्यात पाच, आठ, सहा रेघा आणि बारा मिलिमीटर यांचा असा काला झाला होता, की मी म्हणालो, "सुभेदार, सीटच आहे ना ती? तोफ नाही बसवायची."

जीपखाली पान्याची खटखट थांबली.

"तिची आई आसती तर डिंकाचं लाडू केलं आसतं. दुपटी शिवली आसती. पोरीच्या केसाला त्याल लावलं आसतं. मला काय येतंय सर? आवळाय येतंय."

पुन्हा खटखट सुरू झाली. मी पाना धरून बसलो.

आम्ही आष्ट्याला पोचलो. रूपाली दारात आली, जीप बघून थबकली.

"आबा, ही आणली?"

"दहा पॉइंट नऊ टाकल्यात. सीट हलायची न्हाई."

"डॉक्टरीणबाईंनी जीप नको म्हणून सांगितलंय."

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी जीपकडे पाहिलं. एक बोल्ट किती ओढीला तुटतो हे आम्ही दोघांनी घोकलं होतं. डॉक्टरांना विचारायचं मात्र दोघांनाही सुचलं नव्हतं.

विहीणबाई आतूनच ओरडल्या, "आवं, सीट निघंल म्हून न्हाई, पोरगी हादरंल म्हून!"

जावई अमोलनं आपली कार काढली. "मी आणतो की आबा. सावकाश."

सुभेदारांनी जीपमधला पाना घेतला आणि ते कारखाली शिरले.

"आबा, नवी गाडी हाय. शोरूमची."

"आसंना."

बराच वेळ त्यांचे नुसते पाय दिसत होते. पान्याचा आवाज येत नव्हता. शेवटी रूपाली पायरीवर बसली आणि म्हणाली, "आबा, या आता भायेर. मी तुमच्याकडंच निघालीया. दुसरीकडं न्हाई."

ते बाहेर आले तेव्हा डोळ्यांभोवती काळं ग्रीस होतं. "गाडी बरी हाय," एवढंच म्हणाले.

परतताना जीप पुढे आणि कार मागे. खड्डा आला की सुभेदार आधी जीप त्यात घालायचे, खोली अजमावायचे आणि मग हात बाहेर काढून अमोलला बाजूनं जायची खूण करायचे. उसाचे ट्रॅक्टर आम्हाला हॉर्न देऊन पुढे गेले. पेठ नाक्यापासून साताऱ्यापर्यंत एकही खड्डा त्यांनी सोडला नाही. रूपालीला एकही लागला नाही. ती कारमध्ये मागे झोपून गेली होती.

आमच्या मागच्या सीटवर विहीणबाईंनी दिलेलं वांग्यांचं पोतं होतं. घरी उतरवून पाहिलं. सीट तसूभरही हलली नव्हती. वांगी निम्मी ठेचली होती.